शेवटच्या बिटाचा हिशेब

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर ‘ई’चा घात काढणारे बटण असते, आणि संगणकाच्या जवळपास प्रत्येक भाषेत त्याच कामाचे ‘एक्स्प’ नावाचे फलन असते. किरणोत्सारी पदार्थाचा ऱ्हास, रक्तातले औषधाचे प्रमाण, चक्रवाढ व्याज, भाषेच्या मॉडेलने पुढचा शब्द निवडणे, सगळीकडे ते आहे. बेरीज जशी बरोबर येते तसे हेही येणार, असे वापरणारा धरून चालतो. प्रत्यक्षात बेरजेला जी हमी आहे ती एक्स्पला नाही. आयईईई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंट गणिताचे मानक १९८५ साली आले, तेव्हा त्याने बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांची उत्तरे शेवटच्या बिटापर्यंत ठरवून दिली. एक्स्प, लॉग, साइन यांच्याबद्दल ते गप्प राहिले. २००८ च्या आवृत्तीत या फलनांसाठी अचूक राउंडिंगची शिफारस आली. २०१९ मध्येही ती शिफारसच राहिली, सक्ती झाली नाही. सी भाषेचे मानक तर अचूकतेचा निर्णय लायब्ररी लिहिणाऱ्यावर सोडून मोकळे होते.

ही सक्ती शक्य आहे का, आणि केली तर तिची किंमत कोणी मोजायची, हा या क्षेत्रातला जुना वाद. गेल्या काही वर्षांत त्यात बरीच हालचाल झाली आहे.

पुढे वारंवार लागणारे एक माप आधीच सांगून ठेवतो. ६४ बिटांच्या संख्येत ५३ बिट अंकांसाठी असतात, म्हणजे साधारण १६ दशांश अंक. खरे उत्तर बहुधा अशा दोन शेजारी संख्यांच्या मधे कुठेतरी पडते. त्या दोघींमधले अंतर म्हणजे एक यूएलपी. दोघींतली जवळची निवडली तर चूक अर्ध्या यूएलपीहून जास्त होत नाही, आणि याहून चांगले उत्तर त्या १६ अंकांत मावतच नाही. यालाच अचूक राउंडिंग म्हणतात. एखादी लायब्ररी ०.५१ यूएलपीची हमी देते तेव्हा तिचा अर्थ असा, की शंभरातल्या फार तर एखाद-दोन वेळी चुकीची शेजारीण मिळेल, आणि तीही खऱ्या उत्तरापासून जवळजवळ तितक्याच अंतरावरची असेल.

श्रेणी पाठ असून भागत नाही

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला टेलर श्रेणी शिकवतात: एक, अधिक क्ष, अधिक क्षचा वर्ग भागिले दोन, आणि असेच पुढे. श्रेणी नेहमी अभिसारी असते, म्हणजे पुरेशी पदे घेतली की काम झाले, असे कागदावर वाटते. जॉर्ज फोर्साइथ यांनी १९७० साली ‘अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली’त याच समजाला हात घातला. त्यांनी पाच अंकी गणितात ‘ई’चा उणे ५.५ वा घात या श्रेणीने काढून दाखवला. खरे उत्तर ०.००४०८६८ आहे. बेरीज आली ०.००२६ च्या घरात.

कारण सरळ आहे. पदे आलटून पालटून धन आणि ऋण असतात आणि त्यांतले सर्वांत मोठे ४२ च्या जवळ जाते. पाच अंकांत ४१.९४२ लिहिले की चौथ्या दशांश स्थानापासून पुढचे सगळे हरवले. उत्तर तर तिसऱ्या दशांश स्थानापासून सुरू होते. मोठी पदे एकमेकांना खाऊन टाकतात आणि मागे उरतो तो त्यांच्या राउंडिंगचा गाळ. ६४ बिटांनी हे संकट फक्त पुढे ढकलले जाते. उणे २० वा घात काढायला घेतला तर सर्वांत मोठे पद ४ कोटी ३१ लाखांचे आणि उत्तर ०.००००००००२०६. पहिला अंकसुद्धा हाती लागत नाही. फोर्साइथ यांचा उपायही साधा होता: धन ५.५ वा घात काढा आणि एकला त्याने भागा. तिथे सगळी पदे धन असल्यामुळे खाऊन टाकायला काही नसते.

लॉग टेबलचीच रीत

ज्यांनी अकरावी-बारावीत क्लार्कच्या लॉग टेबलवरून अँटिलॉग काढले आहेत, त्यांना संगणकाची पद्धत ओळखीची वाटेल. पूर्णांश बाजूला काढायचा, त्याने फक्त दशांश चिन्हाची जागा ठरते. अपूर्णांशासाठी टेबल बघायचे. शेवटच्या अंकासाठी उजवीकडच्या फरकाच्या रकान्यातून किरकोळ भर घालायची. संगणक दहाच्या जागी दोन घेतो, इतकाच फरक. दिलेल्या संख्येतून ‘दोनचा नैसर्गिक लॉग’ (०.६९३१४७१८०५६…) पूर्ण पटीत वजा करायचा. जितक्या पटी निघाल्या तितका दोनचा घात, आणि तो लावायला फक्त घातांकाचे बिट बदलावे लागतात. उरलेल्या छोट्या संख्येसाठी टेबल आणि एक लहानशी बहुपदी.

सगळी मेख या वजाबाकीत आहे. ‘ई’चा १०० वा घात घेऊ. १०० मधून तो लॉग १४४ वेळा वजा होतो आणि ०.१८६८०६ उरतात. लॉग एकाच ६४ बिटी संख्येत साठवून त्याला १४४ ने गुणले, तर गुणाकार शंभराच्या आसपास येतो आणि त्याची राउंडिंगची चूक शंभराच्या मापाने होते. ही निरपेक्ष चूक एक्स्पमध्ये गेली की उत्तराची सापेक्ष चूक बनते, आणि शेवटचे सहा-सात बिट खराब होतात.

विल्यम कोडी आणि विल्यम वेट यांनी १९८० च्या त्यांच्या सॉफ्टवेअर मॅन्युअलमध्ये यावर जी युक्ती दिली ती आजही चालते. लॉगचे दोन तुकडे करायचे. मोठा तुकडा ३५५ भागिले ५१२, म्हणजे नेमका ०.६९३३५९३७५. छोटा तुकडा ऋण, ०.०००२१२१९४४४ च्या जवळचा. ३५५ ला नऊच बिट लागतात, म्हणून १४४ ने गुणल्यावर नेमके ९९.८४३७५ येतात, एकही बिट सांडत नाही. शंभरातून गेले, नेमके ०.१५६२५ उरले. छोट्या तुकड्याची दुरुस्ती यानंतर, उत्तर लहान झाल्यावर करायची, म्हणजे तिची चूकही लहान राहते: ०.१५६२५ अधिक ०.०३०५५६, झाले ०.१८६८०६. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या संगणकांवर आणि आजच्या ग्राफिक्स कार्डांवर ही वजाबाकी याच क्रमाने होते.

पुढची पायरी पिंग ताक पीटर तांग यांची. १९८९ मध्ये त्यांनी ३२ नोंदींच्या टेबलाची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिची चूक ०.५४ यूएलपीच्या आत राहते हे सिद्ध केले. त्याआधीच्या बहुतेक लायब्ऱ्यांच्या अचूकतेचे दावे चाचण्यांवर उभे होते; तांग यांनी कागदावर सिद्धता दिली, आणि माझ्या मते टेबलापेक्षा हीच त्यांची मोठी देणगी. सन मायक्रोसिस्टिम्सच्या एफडीलिबएम या लायब्ररीने टेबल टाळून एक यूएलपीच्या आतली अचूकता दिली आणि ती जगभर पसरली. जावाचे ‘स्ट्रिक्टमॅथ’ तिच्याच उत्तरांना बांधलेले आहे. लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीमध्ये २०१८ पासून जे एक्स्प आहे ते एआरएम कंपनीतल्या साबोल्च नॉज यांचे. १२८ पायऱ्यांचे, दोन किलोबाइटचे टेबल आणि पाचव्या घाताची बहुपदी, चूक ०.५१ यूएलपीच्या जवळपास.

इथवरच्या भागात आता फारसा वाद नाही. एक यूएलपीच्या आतला, वेगवान एक्स्प कसा लिहायचा हे ठाऊक आहे.

एक वजा करताना

वापरणाऱ्यांचे खरे नुकसान मात्र बहुतेक वेळा एक्स्पच्या आत होत नाही, त्याच्या आजूबाजूला होते. एचपी-१५सी कॅल्क्युलेटरच्या १९८० च्या दशकातल्या पुस्तिकेत याची एक गोष्ट आहे. त्या कॅल्क्युलेटरच्या गणितामागे बर्कलीचे विल्यम काहान सल्लागार म्हणून होते. एका सल्लागार बाईंना कंपनी दर सेकंदाला एक सेंट मानधन देते. पैसे खात्यावर जमा होतात, व्याज दरसाल ११.२५ टक्के, चक्रवाढ दर सेकंदाला. वर्षाअखेर किती? बाई कॅल्क्युलेटरवर सूत्र घालतात आणि उत्तर येते ३,७६,८७७ डॉलर ६७ सेंट. खात्यात निघतात ३,३३,७८३ डॉलर ३५ सेंट. उरलेल्या ४३ हजार डॉलरवर त्यांचा हक्क आहे का?

नाही. एका सेकंदाचा व्याजदर ०.००००००००३५६७३५… इतका सूक्ष्म. सूत्रात आधी त्यात एक मिळवायचा आणि मग घात काढायचा. दहा अंकी यंत्रात एक मिळवल्याबरोबर ती संख्या १.००००००००४ होते. ३.५६७ चे ४ झाले, व्याजदर १२ टक्क्यांनी फुगला, आणि वर्षभराच्या चक्रवाढीने त्याचे ४३ हजार डॉलर केले. घात काढणाऱ्या बटणाने चोख काम केले होते. चूक त्याच्या हाती येण्याआधीच झालेली होती.

उपाय म्हणून दोन जोडीची फलने आली: ‘एक्स्प वजा एक’ थेट देणारे एक्स्पएमवन, आणि ‘एक अधिक क्ष’चा लॉग थेट देणारे लॉगवनपी. एचपीच्या काही कॅल्क्युलेटरांवर त्यांना स्वतंत्र जागा मिळाली, बर्कलीच्या युनिक्समध्ये ती होती, १९९९ पासून सी भाषेच्या मानकात आहेत. इंटेलच्या १९८० च्या ८०८७ चिपमध्ये तर दोनच्या घाताची जी सूचना होती ती मुळातच ‘दोनचा घात वजा एक’ देत असे. एक मिळवणे कोणालाही जमते, एकदा मिसळून गेलेला एक मागे काढता येत नाही, हे तिथल्या अभियंत्यांनी नीट ओळखले होते.

हे आजही सहज पाहता येते. पायथनमध्ये क्ष म्हणून १ भागिले १००० कोटी घ्या, एक्स्प काढून त्यातून एक वजा करा. सोळापैकी पहिले आठ अंक बरोबर येतात, पुढचे सगळे निरर्थक. एक्स्पएमवन सोळाच्या सोळा देते. काहान यांची याहून गमतीची युक्ती अशी: एक्स्पचे खराब झालेले उत्तर घ्यायचे, त्यातून एक वजा करायचा, क्षने गुणायचे आणि त्याच खराब उत्तराच्या लॉगने भागायचे. वर आणि खाली एकच चूक असल्यामुळे ती भागाकारात निघून जाते.

टेबल करणाऱ्याचा पेच

आता मूळ वादाकडे. ०.५१ पर्यंत आलो आहोत, तर ०.५ का नाही?

दशमान ६४ बिटी पद्धतीत, म्हणजे सोळा दशांश अंकांत, एक उदाहरण पाहू. ‘ई’चा ०.०९४०७८२२३१३५७२८७८ वा घात काढला तर येतो

१.०९८६४५६८२०६६३३८ ५ ०००००००००००००००० २७८…

सोळा अंकांनंतर पाच, मग सोळा शून्ये, मग कुठे २७८. उत्तर खाली उतरवायचे की वर चढवायचे हे त्या २७८ वर अवलंबून आहे, आणि तिथवर जायला दुपटीहून जास्त अंकांचे गणित करावे लागते. काहान यांनी याला ‘टेबल करणाऱ्याचा पेच’ म्हटले. किती अंक पुढे गेले म्हणजे निकाल नक्की लागेल, हे आधी सांगता येत नाही.

निकाल कधीतरी लागतो, एवढी हमी मात्र १८८२ पासून आहे. लिंडेमान यांच्या प्रमेयानुसार शून्य सोडून कोणत्याही बैजिक संख्येसाठी एक्स्पचे उत्तर अबैजिक असते. फ्लोटिंग पॉइंट संख्या सगळ्या परिमेय, म्हणून उत्तर दोन शेजाऱ्यांच्या बरोबर मधे कधीच पडत नाही. आयबीएमच्या हैफा इथल्या प्रयोगशाळेतल्या अब्राहम झिव्ह यांनी १९९१ मध्ये याच आधारावर रीत मांडली. आधी थोड्या जास्त अंकांत उत्तर काढा. चुकीची मर्यादा दोन्ही बाजूंना धरूनही राउंडिंग एकच येत असेल तर थांबा, नाहीतर अंक वाढवून पुन्हा काढा. फार क्वचित दुसऱ्या फेरीची गरज पडते. या रीतीवर बांधलेली लायब्ररी पुढे जीलिबसीमध्ये गेली आणि कित्येक वर्षे लिनक्सवरचा एक्स्प अचूक राउंडिंग करत होता, बहुतेकांच्या नकळत.

झिव्ह यांच्या रीतीत किती अंकांत थांबू याची वरची मर्यादा नव्हती. ती फ्रान्समध्ये मिळाली. व्हेंसाँ लफेव्र आणि जाँ-मिशेल म्युलर यांनी २००० च्या आसपास ६४ बिटी एक्स्पची सगळी अवघड उदाहरणे शोधून काढली. एकेक संख्या तपासणे अशक्य होते. लफेव्र यांच्या पद्धतीने फलनाचे छोटे छोटे तुकडे सरळ रेषांसारखे धरून पेचातल्या जागा नसलेले प्रदेश झटकन बाजूला केले. निकाल असा, की अगदी चिमुकल्या संख्या वगळल्या तर ११३ बिटांच्या अचूकतेत प्रत्येक उत्तराचा निवाडा होतो. सर्वांत हट्टी संख्या ०.०००००००००७५४१७५… ही आहे. जो प्रश्न अनंताकडे तोंड करून उभा होता त्याला आता ‘११३’ असे उत्तर होते. लियॉंच्या गटाने याच बळावर सीआरलिबएम ही सिद्धतेसह लायब्ररी बांधली.

दोन बाजू

अचूक राउंडिंग हवेच, असे म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा अचूकतेचा नाहीच, एकसारखेपणाचा आहे. बरोबर उत्तर एकच असते. ‘जवळपास बरोबर’ उत्तरे लायब्ररीगणिक वेगळी असतात. सर्नच्या ‘एलएचसी ॲट होम’ प्रकल्पात कणांच्या कक्षांची गणिते जगभरच्या स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांवर चालत आणि एकाची उत्तरे दुसऱ्याशी ताडून पाहिली जात. कक्षा लाखो फेऱ्यांच्या. एका यंत्रावर शेवटचा बिट वेगळा आला की काही काळाने कक्षाच वेगळी. सीआरलिबएम जोडल्यावर उत्तरे जुळू लागली. शिवाय अचूक राउंडिंगसोबत काही गुण आपोआप येतात: क्ष वाढला की उत्तर कधी कमी होत नाही, आणि चुकीच्या मर्यादांची सिद्धता लिहिताना लायब्ररीवर विश्वास ठेवण्याऐवजी व्याख्येवर ठेवता येतो.

विरुद्ध बाजूचा युक्तिवादही हलका नाही. एक्स्पची संवेदनशीलता क्षच्या आकाराइतकी असते. क्ष ७०० असेल आणि तो आधीच्या गणितातून अर्ध्या यूएलपीच्या चुकीसह आला असेल, तर उत्तरात शेकडो यूएलपींची चूक आधीच बसली आहे. त्यावर शेवटचा अर्धा बिट घासून पुसून काय साधले? दुसरा मुद्दा वेळेचा. सरासरी वेळ कमी असली तरी झिव्ह यांच्या रीतीत क्वचित येणारी वाईट वेळ फार वाईट असते. जीलिबसीमध्ये कोणत्याही संख्येचा घात काढणारे पॉव फलन काही आदानांवर नेहमीच्या हजारपट वेळ घेत असल्याच्या तक्रारी होत्या, आणि २०१८ मध्ये ते संथ मार्ग काढूनच टाकले गेले. लिनक्सने अचूक राउंडिंग सोडून ०.५१ पत्करले ते अशा व्यवहारी कारणाने. तिसरा मुद्दा आजच्या प्रोसेसरांचा. एकाच वेळी आठ-सोळा संख्यांवर काम करणाऱ्या सूचनांत एका संख्येला जास्त फेरी लागली तर बाकीच्या थांबून राहतात. म्हणून अशा लायब्ऱ्यांत चार यूएलपीपर्यंतची चूक सर्रास मान्य असते.

दोन्ही बाजू वेगवेगळ्या ग्राहकांबद्दल बोलत आहेत, असे मला वाटते. संवेदनशीलतेचा मुद्दा भौतिक मोजमापांतून आलेल्या आदानाला लागू पडतो. ज्याला दोन यंत्रांची उत्तरे जुळवायची आहेत, त्याचे आदान दोन्हीकडे बिटाबिटाने सारखेच असते आणि तिथे हा मुद्दा लागू पडत नाही.

गेल्या काही वर्षांत पारडे हलले ते वेळेच्या मुद्द्यावर. ३२ बिटी संख्या एकूण ४२९ कोटी. आजच्या संगणकावर प्रत्येकीचा एक्स्प तपासून पाहायला काही मिनिटे पुरतात. रटगर्स विद्यापीठातले संतोष नागरकट्टे आणि जय लिम यांनी याचा वेगळाच उपयोग केला. आजवरची बहुपदी खऱ्या उत्तराच्या जास्तीत जास्त जवळ जाऊ पाहायची. त्यांनी प्रत्येक आदानासाठी ‘या पट्ट्यात कुठेही पडलात तरी राउंडिंग बरोबर येईल’ असा पट्टा काढला आणि सगळ्या पट्ट्यांतून जाणारी बहुपदी लिनिअर प्रोग्रॅमिंगने शोधली. पेच बाजूला ठेवून थेट निकालावर नेम धरला म्हणायला हरकत नाही. फ्रान्समधून अलेक्सेई सिबिदानोव्ह, पॉल झिमरमान आणि स्तेफान ग्लोंदू यांचा कोअर-मॅथ प्रकल्प २०२२ मध्ये पुढे आला. त्याचा दावा असा की अचूक राउंडिंग असूनही वेग प्रचलित लायब्ऱ्यांच्या तोडीचा, काही फलनांत सरसही. २०२५ च्या सुरुवातीला जीलिबसीने त्यातली अनेक ३२ बिटी फलने उचलली, त्यांत एक्स्पएमवनही आहे. एलएलव्हीएमची सी लायब्ररी ६४ बिटांतही अचूक राउंडिंग हेच ध्येय ठेवून लिहिली जात आहे. सी भाषेच्या ताज्या मानकाने अचूक राउंडिंग करणाऱ्या फलनांसाठी ‘सीआर’ हा उपसर्ग राखून ठेवला आहे. नावे राखली, फलने मात्र सक्तीची केली नाहीत.

मॅट्रिक्सचा घात

एका संख्येचा प्रश्न असा मिटत आला असताना शेजारचा प्रश्न अजून खुला आहे. मॅट्रिक्सचा एक्स्प नियंत्रण प्रणाली आणि अवकल समीकरणांत पदोपदी लागतो. क्लीव्ह मोलर आणि चार्ल्स व्हॅन लोन यांनी १९७८ मध्ये तो काढण्याच्या एकोणीस ‘संशयास्पद’ रीतींचा आढावा घेतला आणि २००३ मध्ये पंचवीस वर्षांनी तोच लेख भर घालून पुन्हा छापला. त्यातले दोन बाय दोनचे उदाहरण (पहिल्या ओळीत उणे ४९ आणि २४, दुसरीत उणे ६४ आणि ३१) फोर्साइथ यांच्याच धड्याचा पुढचा अंक आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातले खरे उत्तर उणे ०.७३५७५९, तेव्हाच्या आयबीएम यंत्रावर टेलर श्रेणीने आले उणे २२.२५८८.

आज मॅटलॅबसह बहुतेक ठिकाणी जी रीत आहे तिचे श्रेय मुख्यतः मँचेस्टरच्या निकोलस हायम यांना जाते: मॅट्रिक्सला दोनच्या घाताने भागून लहान करा, पादे अपूर्णांकाने एक्स्प काढा, मग उत्तराचा पुन्हा पुन्हा वर्ग करा. किती वेळा भागायचे, हीच यातली अडचण. जास्त भागले तर पुढच्या वर्गांत चुका साचतात. अवाद अल-मोही आणि हायम यांनी २००९ मध्ये त्यावर उपाय दिला. तरी ‘प्रत्येक मॅट्रिक्ससाठी चूक इतकीच’ अशी एका संख्येसारखी हमी नाही. मॅट्रिक्सच्या घाताला शेवटच्या बिटाची भाषा लावण्याच्या जवळपासही कोणी पोचलेले नाही.

उलट्या दिशेची मागणी

इकडे अर्ध्या बिटावर वाद चालू असताना संगणनातला सर्वांत मोठा ग्राहक उलट दिशेला निघाला आहे. न्यूरल नेटवर्कांत सॉफ्टमॅक्ससाठी, म्हणजे संख्यांची यादी संभाव्यतांत बदलण्यासाठी, एक्स्प अब्जावधी वेळा लागतो आणि तिथे संख्या १६ बिटी किंवा त्याहून लहान. १६ बिटी संख्येची कमाल ६५,५०४, म्हणून क्ष ११.१ च्या जवळ पोचला की उत्तर अनंत. यावर सगळ्या संख्यांतून त्यांतली सर्वांत मोठी आधी वजा करतात. पिएर ब्लँचर्ड आणि दोघा हायम बंधूंनी २०२१ मध्ये या युक्तीच्या चुकांचे रीतसर विश्लेषण केले आणि ती सुरक्षित असल्याचे दाखवले.

निकोल श्राउडॉल्फ यांनी १९९९ मध्येच न्यूरल नेटवर्कांसाठी एक अशी युक्ती दिली होती की तिला गणित म्हणावे की हातचलाखी, असा प्रश्न पडतो. एका गुणाकार-बेरजेचे उत्तर थेट फ्लोटिंग पॉइंट संख्येच्या घातांकाच्या बिटांत टाकायचे, टेबल नाही, बहुपदी नाही. चूक काही टक्क्यांची, आणि त्या कामाला चालणारी. एनव्हिडियाच्या कार्डांत दोनच्या घाताचे वेगळे यंत्रच बसवलेले असते. त्यावर आधारलेल्या झटपट एक्स्पची चूक क्षसोबत वाढते, हे कंपनीच्याच पुस्तिकेत लिहिलेले आहे. मात्र मॅट्रिक्स गुणाकारांचा वेग इतका वाढला की आता ते वेगळे यंत्रच अडथळा ठरू लागले. फ्लॅशअटेन्शन या न्यूरल नेटवर्कांसाठीच्या सॉफ्टवेअरच्या अलीकडच्या आवृत्तीत काही एक्स्प मुद्दाम त्या यंत्राला वगळून साध्या गुणाकार-बेरजांनी, कोडी आणि वेट यांच्या रीतीच्या बहुपदीने काढले जातात.

काय शिल्लक आहे

३२ बिटांत वाद संपल्यात जमा आहे, असे म्हणायला आता धोका नाही. ६४ बिटांत एक्स्प, लॉग अशा एका चलाच्या फलनांसाठी अवघड जागा माहीत आहेत, लायब्ऱ्याही आहेत. अडले आहे ते सवयीवर आणि एकाच वेळी अनेक संख्यांवर चालणाऱ्या सूचनांवर. १२८ बिटांत मात्र सगळ्या जागा शोधण्याची कोणतीही ज्ञात पद्धत आवाक्यात नाही. संभाव्यतेच्या अंदाजाने साधारण किती बिट लागावेत हे सांगता येते, पण त्याला सिद्धता नाही. ज्या सैद्धांतिक मर्यादा सिद्ध झाल्या आहेत त्या इतक्या ढोबळ आहेत की त्यांवर सॉफ्टवेअर लिहिता येत नाही.

सर्वांत त्रासदायक शिल्लक म्हणजे पॉव, कोणत्याही संख्येचा कोणताही घात. तो एक्स्प आणि लॉग जोडून निघतो, पण त्या दोघांमधला गुणाकार ७०० पर्यंत जात असल्यामुळे लॉगला दहाएक बिट जास्तीची अचूकता लागते. आदाने दोन, म्हणजे जोड्या इतक्या की लफेव्र यांची रीत तिथे पोचत नाही. भर म्हणजे लिंडेमान यांची हमी इथे नाही. उत्तर नेमके मधे पडू शकते, आणि असे प्रकार वेगळे ओळखून बाजूला काढावे लागतात. लियॉं आणि नॅन्सीतल्या संशोधकांनी २०२३ मध्ये ६४ बिटी पॉवसाठी वेगवान रीत मांडली. सर्वांत अवघड जागा कोणती, हे मात्र तिच्यासाठीही अज्ञातच आहे.

आयईईईच्या नियमानुसार मानकाचा दहा वर्षांनी फेरविचार व्हावा लागतो, त्यामुळे २०१९ च्या आवृत्तीची मुदत या दशकाच्या अखेरीस येते. एक्स्प तोवर शिफारशीच्या यादीतून सक्तीच्या यादीत जाऊ शकेल. त्याला लागणारा ११३ हा आकडा दोन दशकांपासून तयार आहे. पॉवसाठी असा आकडा अजून कोणाकडे नाही.